स्कूबा करताना सारखं वरखाली होतंय? आधी वजन बघा, मग श्वास

मालवण-तारकर्लीला पर्यटक म्हणून जी डाइव्ह करतात त्यात गाइडच तुमचा टँक धरून असतो, जॅकेटमधली हवाही तोच कमीजास्त करतो, त्यामुळे बॉयन्सी (पाण्यात तरंगण्याचा तोल, ना वर ना खाली) सांभाळायची असते हे कळतच नाही. खरी पंचाईत ओपन वॉटर कोर्सला (स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स) होते, आधी तळाला आपटायचं, मग घाबरून जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबायचं आणि सुसाट वर जायचं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, कमरेच्या पट्ट्यात गरजेपेक्षा जास्त शिशाचं वजन.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. पूर्ण गिअर घालून पाण्यावर उभे तरंगा, रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाला देणारं उपकरण) तोंडात, बीसीडी (तेच हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामी, नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा आणि पाय अजिबात हलवू नका. पाणी डोळ्यांच्या लेव्हलला यायला हवं आणि श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. झपकन बुडालात तर एक किलो काढून परत बघा. टँक भरलेला असेल तर मात्र 2 किलो जास्त ठेवा, कारण नेहमीचा ॲल्युमिनियमचा टँक 200 बारवरून (बार म्हणजे दाबाचं एकक) 50 वर येईपर्यंत साधारण तेवढा हलका होतो. आणि पूलमधला आकडा समुद्रात वापरू नका, खाऱ्या पाण्यात आपण जास्त तरंगतो, गिअरसकट 90 किलो भरत असाल तर 2 किलोच्या आसपास वाढवावं लागतं.

जास्त वजन म्हणजे ते पेलायला बीसीडीत जास्त हवा, आणि ती हवा एकसारखी राहत नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, हवा दबून निम्म्या जागेत मावते, वेटसूटही (अंगातला रबरी सूट) दबतो, वर येताना सगळं उलटं. 20 वरून 30 मीटरला जाताना एवढा फरक पडत नाही, म्हणजे उथळ पाणीच जास्त अवघड!

आता बटण. टक् करून दाबा, सोडा आणि दोन-तीन सेकंद थांबा, परिणाम लगेच दिसत नाही म्हणून लोक परत परत दाबतात आणि तिथेच गडबड होते. वर येताना हवा भरायची नाही, थोडी थोडी सोडत यायचं, होज (जॅकेटची हवा सोडायची नळी) उंच धरून, नाहीतर ती जॅकेटमध्येच अडकते.

बारीक फरक मात्र श्वासानेच करायचा. सावकाश आत घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली, इथेही एक-दोन सेकंद उशीर होतोच. पण श्वास रोखून वर जायचं नाही, कधीच नाही, फुप्फुसाला इजा होते आणि ती जिवावर बेतू शकते.

हातांनी वल्हवू नका. मध्येच फिन्स थांबवून बघा, लगेच खाली जायला लागलात तर इतका वेळ पाय मारून वजन पेलत होतात असं समजा. ही प्रॅक्टिस वाळूवर करा, कोरलवर प्लीज नको, त्यातले काही प्रकार वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात आणि एका फिनच्या फटक्यात तुटतात, मालवणचा किनारा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे ते याचसाठी.

शेवटी 5 मीटरवरचा 3 मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे पाण्याबाहेर येण्याआधीचा थांबा. टँक हलका, पाणी उथळ, त्यामुळे खरी परीक्षा इथेच. दोरी जवळ ठेवा पण धरू नका, आणि वर ओढले जात असाल तर पुढच्या डाइव्हला इन्स्ट्रक्टरला सांगून अर्धा-एक किलो वाढवा.