पोलीस ठाणे बंद होण्याआधी हरकत कशी नोंदवावी

आपल्या भागातील पोलीस ठाणे बंद होणार अशी कुणकुण लागली की लोक प्रथम मोर्चा आणि सह्यांची मोहीम यांचाच विचार करतात. दोन्हींचा उपयोग आहे. परंतु मुदतीत दिलेली नेमक्या मुद्द्यांची लेखी हरकत ही त्याहून मोठी ताकद आहे, असे माझे ठाम मत आहे. लंडनमधील विंबल्डन ठाण्याचे उदाहरण पाहा. तेथील महापौर कार्यालयाने २०१७ मध्ये खर्चकपातीसाठी अनेक ठाणी बंद करण्याचे ठरवले होते. एका रहिवाशाने न्यायालयात दाद मागितल्यावर जुलै २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने विंबल्डनपुरता तो निर्णय बेकायदेशीर ठरवला, कारण त्याने लेखी मांडलेल्या म्हणण्याचा योग्य विचार झाला नव्हता. त्या निकालाने उर्वरित ठाणी मात्र वाचली नाहीत.

सर्वप्रथम नेमके काय बंद होणार आहे, हे लेखी मागवावे. संपूर्ण ठाणे, फक्त तक्रार घेण्याची खिडकी, की केवळ रात्रीची सेवा, यांवर हरकतीचा सूर ठरतो. प्रस्ताव, त्यामागील आकडेवारी आणि निर्णय घेणारा अधिकारी कोण, हेही विचारावे. भारतात पोलीस ठाणे घोषित करण्याचा अधिकार राज्य शासनाचा असल्याने निवेदनाची प्रत गृह विभागाकडे गेलीच पाहिजे. कागदपत्रांसाठी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. हरकतींची मुदत त्याआधी संपत असेल, तर उत्तराची वाट न पाहता पहिली हरकत देऊन टाकावी.

खरी मेहनत पुराव्याची आहे. ‘ठाण्यात फारसे कोणी येत नाही’ हा बंद करणाऱ्यांचा नेहमीचा मुद्दा असतो आणि तो बहुधा नोंदवहीवर आधारलेला असतो. पण घरातील मारहाणीबद्दल विचारायला येऊन, तक्रार न देताच परत गेलेल्या बाईची नोंद त्या वहीत सापडेलच असे नाही. अशा लोकांचे अनुभव त्यांच्या संमतीने, नाव उघड न करता लिहून घ्यावेत. त्यानंतर पर्यायी ठाण्यापर्यंत प्रत्यक्ष जाऊन पाहावे: दिवसा, शेवटची बस सुटल्यानंतर आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसोबत. नकाशावरील किलोमीटरपेक्षा या तीन प्रवासांना लागलेला वेळ अधिक पटतो. ठाण्यातील कर्मचाऱ्यांची सहानुभूती असली, तरी त्यांना उघडपणे बोलायला लावू नये. त्यांची नोकरी धोक्यात येऊ शकते.

हरकतीतील मुद्द्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाचे कारणांसह उत्तर मागावे. इमारत विकून येणारा पैसा एकदाच येतो, तर दरवर्षीची बचत वेगळी असते. हे दोन आकडे स्वतंत्रपणे मागावेत, कारण ते एकत्र दाखवले की बचत फुगलेली दिसते. ऑनलाइन तक्रारीचा पर्याय पुढे केला जात असेल, तर ज्यांच्याकडे फोन नाही किंवा ज्यांचा फोन घरातील दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्यांचे काय, असे स्पष्ट विचारावे. सगळेच नाकारण्याऐवजी मर्यादित वेळ चालणारी खिडकी किंवा दुसऱ्या सरकारी इमारतीतील जागा असा पर्यायही सुचवावा.

हरकतीच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. उत्तरात एखादा मुद्दा वगळला असेल, तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन निर्णय होण्यापूर्वी स्मरणपत्र द्यावे, आणि त्याची प्रत लोकप्रतिनिधीला पाठवून तोच प्रश्न सभागृहात विचारण्याची विनंती करावी.