जुन्या सागवानी खुर्चीला घरच्या घरी लाखेचं पॉलिश

एखादी सोसायटी पुनर्विकासाला निघाली की पार्किंगमध्ये खुर्च्या, टीपॉय, आरशाची टेबलं यांचा ढीग लागतो. त्यात बरंचसं अस्सल सागवान असतं आणि ते भंगाराच्या भावात जातं. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार किंवा जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट इथेही असा माल मिळतो, पण थोडी घासाघीस करावी लागते. असं फर्निचर घेताना लाकूड चांगलं बघून घेतलंत आणि दुरुस्तीला हात आखडता घेतला नाहीत, तर पॉलिशवर फार खर्च होत नाही. हाताच्या एका खुर्चीचं सामान साधारण ४०० ते ५०० रुपयांत येतं.

घेताना

खुर्ची उलटी करा. खालच्या बाजूला सहसा पॉलिश नसतं, त्यामुळे लाकूड उघडं दिसतं. सागवान सोनेरी-तपकिरी असतं आणि नखाने किंवा पातीने जरा खरवडलं की त्याचा ओळखीचा, थोडा तेलकट वास येतो. त्यातच पांढुरका पट्टा दिसला तर तो झाडाच्या बाहेरचा, कच्चा भाग असतो. कीड आधी तिथेच लागते. नुसती जुनी भोकं असतील तर घाबरू नका, पण भोकाखाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती वस्तू घरात आणूच नका.

वेताच्या खुर्चीत ढेकूण असू शकतात. विणीची भोकं आणि सांध्यांच्या फटी टॉर्च लावून बघा.

टेबल किंवा कपाट घेताना कडेला नजर टाका. लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळाच थर दिसला तर वर फक्त व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पापुद्र्याइतका पातळ थर आहे. त्यावर जोरात पॉलिश पेपर मारला की खालचा प्लाय उघडा पडतो. पाणी लागून फुगलेला पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आधी सांधे

डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळे ठोकणं हा सगळ्यात वाईट उपाय. खिळ्याने लाकूड चिरतं आणि सांधा काही दिवसांत पुन्हा सैल होतो. सांधा पूर्ण सोडवा. फेव्हिकॉल १९५९ साली बाजारात आलं, त्याआधीच्या खुर्च्यांचे सांधे बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या गोंदाने जोडलेले असतात आणि सरस गरम पाण्याने मऊ होतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं सांध्यावर थोडा वेळ धरा, मग हलक्या हाताने, लाकडी ठोकळा मध्ये घेऊन ठोका. आतला जुना थर खरवडून उघडं लाकूड दिसू द्या, कारण जुन्या थरावर नवं फेव्हिकॉल धरत नाही. ओला झालेला सांधा पूर्ण वाळू द्या.

क्लॅम्प विकत घ्यायची गरज नाही. फेव्हिकॉल लावून सांधे बसवा, चारही पायांभोवती सुती दोरीचे दोन वेढे घ्या, दोरीत लाकडी दांडकं अडकवून पीळ द्या आणि दांडकं आडव्या पट्टीला टेकवून ठेवा. बाहेर आलेलं फेव्हिकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर तिथे पॉलिश बसत नाही. २४ तास खुर्ची हलवू नका. बारीक फटी त्याच लाकडाच्या भुशात फेव्हिकॉल कालवून भरा.

जुनं पॉलिश ओळखा

घासायला घेण्याआधी एक चाचणी करा, बरेच कष्ट वाचतील. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये (पॉलिशसाठी मिळणारं मेथिलेटेड स्पिरिट) भिजवून खुर्चीच्या खालच्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला तर पॉलिश लाखेचं आहे. नुसतंच निस्तेज झालं असेल तर ते काढायची गरज नाही. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या आणि स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा रेषांच्या दिशेने झरझर फिरवा. जुनी लाख विरघळून पुन्हा सारखी बसते. वर नव्या पॉलिशचे दोन हात मारले की काम झालं.

बोळ्यावर काहीच उतरलं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं स्पिरिटमध्ये न विरघळणारं पॉलिश, नाहीतर ऑइल पेंट असेल. ते घासूनच काढावं लागतं. ८० नंबरच्या पेपरने सुरुवात करा, मग १५०, शेवटी २२०. दिशा नेहमी रेषांची. आडवे ओरखडे पॉलिशनंतर ठळक दिसतात. मास्क लावा. जुन्या ऑइल पेंटबाबत मात्र जास्त सावध राहा. रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून घासा आणि लहान मुलांना, गरोदर बाईला तिथे येऊ देऊ नका.

पॉलिश

१०० ग्रॅम लाखदाणा ५०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा. बरणी काचेची घ्या, लोखंडी डब्यात लाख काळवंडते. सकाळी ढवळून मलमलच्या कापडातून गाळा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. स्पिरिट विषारी आहे आणि चटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा नको.

कापूस जुन्या मऊ सुती कापडात बांधून पुरचुंडी करा. कापसावर पॉलिश ओता आणि पुरचुंडी पिळून बघा. थेंब गळत असेल तर जास्त झालंय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात न थांबवता न्या. मध्ये थांबलात तर पुरचुंडी चिकटते आणि डाग उमटतो. चुकलेल्या जागी लगेच पुन्हा फिरवायचा मोह आवरा, ते पुढच्या हातात सावरून घेता येतं. दोन हातांमध्ये अर्धा-एक तास जाऊ द्या. दुसऱ्या हातानंतर ३२० चा पेपर अगदी हलका फिरवून धूळ पुसा, मग आणखी तीन-चार हात. दर हाताला लाकडातल्या रेषा अधिक खोल दिसू लागतात. पाचव्या-सहाव्या हातानंतर थांबायला हरकत नाही.

खुर्ची दोन-तीन दिवस वापरू नका. लाखेवर गरम कप किंवा सांडलेलं पाणी राहिलं तर पांढरा डाग पडतो, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या वरच्या फळीला मात्र लाख न लावता पीयूच वापरा. उरलेल्या पॉलिशच्या बरणीवर तारीख लिहा. काही महिन्यांनी वापरायचं झालं तर आधी थेंबभर काचेवर लावून बघा. तासाभरानेही चिकट लागलं तर टाकून द्या.