प्रोटॉनची साइज काढताय? फिट मारायच्या आधी या चुका टाळा

इलेक्ट्रॉन-प्रोटॉन स्कॅटरिंगचा डेटा घ्यायचा, क्यू-स्क्वेअरसमोर (टकरीत इलेक्ट्रॉनने प्रोटॉनला दिलेल्या मोमेंटमचा वर्ग) इलेक्ट्रिक फॉर्म फॅक्टर (प्रोटॉनचा चार्ज किती पसरलाय ते सांगणारं फंक्शन) प्लॉट करायचा, शून्यापाशी उतार बघायचा, त्याला उणे सहाने गुणून वर्गमूळ काढलं की झाली त्रिज्या. ऐकायला एकदम सोपं, आणि मग प्रोजेक्टमध्ये कुणाचं 0.74 फेम्टोमीटर येतं कुणाचं 0.88, आणि सगळे डिटेक्टरच्या नावाने खडे फोडतात. बहुतेक वेळा घोळ आपल्याच फिटमध्ये असतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे सरळ रेघ. 0.1 जीईव्ही-स्क्वेअरपर्यंतचे पॉइंट घेतले आणि डायरेक्ट लिनिअर फिट! एकदा हाताने करून बघा. जुना डायपोल फॉर्म्युला घ्या, म्हणजे फॉर्म फॅक्टर = 1/(1 + क्यू-स्क्वेअर/0.71)², त्यात नेहमीचा 0.71 जीईव्ही-स्क्वेअर टाकला की त्रिज्या 0.81 फेम्टोमीटर येते. आता त्याच कर्व्हवरचे 0 आणि 0.1 चे पॉइंट सरळ जोडून उतार काढा, येतं 0.74. कर्व्ह आपणच बनवलेला, एरर बार शून्य, तरी नऊ टक्के गेले. आणि 2010 पासून ज्या प्रोटॉन रेडियस पझलवरून एवढा गदारोळ झाला (जर्मनीतल्या माइंझचे इलेक्ट्रॉनवाले 0.879 म्हणत होते, स्वित्झर्लंडच्या पीएसआय लॅबचे म्युऑनिक हायड्रोजनवाले, म्हणजे इलेक्ट्रॉनऐवजी जड म्युऑन असलेल्या हायड्रोजनवर मोजणारे, 0.842) तो फरक जेमतेम चार टक्क्यांचा होता.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात, पॉलिनॉमियलची डिग्री वाढवतच राहतात, काय-स्क्वेअर (फिट डेटाशी किती जुळतो त्याचं माप) मस्त दिसतो पण डेटाच्या डावीकडे, जिथे एकही पॉइंट नाही, तिथे कर्व्ह मनाला येईल तसा वळतो आणि आपल्याला उतार नेमका तिथलाच हवा असतो. माइंझच्या त्याच डेटावर वेगवेगळ्या ग्रुप्सनी 0.84 पण काढलंय आणि 0.88 पण, आता बोला.

"मग अजून कमी क्यू-स्क्वेअरला जाऊ ना." जा, पण नॉर्मलायझेशन (अख्ख्या डेटाची उंची ठरवणारा गुणक) सांभाळून. 0.01 ला फॉर्म फॅक्टर साधारण 3 टक्के खाली येतो, आणि त्रिज्या 0.84 की 0.88 यावरून पडणारा फरक फक्त 0.3 टक्के, क्रॉस-सेक्शनमध्ये (स्कॅटरिंग किती होतं त्याचं माप, ते फॉर्म फॅक्टरच्या वर्गावर चालतं) 0.6. नॉर्मलायझेशन एक टक्का चुकलं तर बोंबललं सगळं. 0.0002 पर्यंत खाली गेलात तर तिथे अख्खी घटच 0.06 टक्के असते. जेफरसन लॅबच्या पीरॅड प्रयोगाने म्हणूनच एक सॉलिड गोष्ट केली, टार्गेटला खिडक्याच ठेवल्या नाहीत, म्हणजे भिंतींवरून येणारा बॅकग्राउंड कमी, आणि इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन स्कॅटरिंग त्याच कॅलोरीमीटरमध्ये (कणांची एनर्जी मोजणारा डिटेक्टर) सोबतच मोजून त्याच्याशी गुणोत्तर घेतलं, म्हणजे नॉर्मलायझेशनचा घोळ बराचसा कटतो. 2019 मध्ये त्यांचं उत्तर आलं 0.831. तुमच्या फिटमध्ये प्रत्येक डेटासेटला वेगळा नॉर्मलायझेशन पॅरामीटर मोकळा ठेवा, जबरदस्तीने 1 करू नका.

छापलेल्या क्रॉस-सेक्शनला रेडिएटिव्ह करेक्शन (टकरीत फोटॉन सुटतात वगैरे त्याची दुरुस्ती) बहुतेक वेळा आधीच लावलेलं असतं, तेच परत लावू नका, पेपर नीट वाचा.

आणि हो, उत्तर 0.84 येईपर्यंत रेंज कापत बसणं ही शुद्ध चीटिंग आहे. त्रिज्या माहीत असलेले तीन-चार मॉडेल घेऊन खोटा डेटा बनवा, त्यात खऱ्या प्रयोगाइतका नॉइज टाका, कुठलं फंक्शन आणि कुठली रेंज प्रत्येक वेळी टाकलेली त्रिज्या परत देते ते आधी ठरवा, आणि मगच खऱ्या डेटाची फाइल उघडा.