गावच्या सामन्यात रेफरी व्हायचं तर

गावच्या मैदानावर फुटबॉलच्या रेफरीचा मान पहिली शिट्टी वाजायच्या आधीच ठरतो. तासभर आधी पोहोचा, मिस्त्रीचा फुटाचा टेप सोबत न्या. गोलखांबांत आतून 24 फूट, आडवी दांडी जमिनीपासून 8 फूट, पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 36 फुटांवर. दांडीऐवजी दोरी बांधली असेल तर बांबू लावून घ्या. दोरी मधोमध झोळते, नियमातही ती चालत नाही, आणि ‘वरून गेला की खालून’ हे भांडण शेवटी तुमच्याच अंगावर येतं. जाळी नसेल तर मासे धरायचं जुनं जाळं बांधा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, शेतातल्या मैदानात पऱ्हाटीची खुंटं राहतात. सगळं पायी फिरून बघा. रेषा फक्कीच्याच मारा. कळीचा चुना घामाच्या अंगावर किंवा डोळ्यात गेला की भाजतो.

फ्रीकिक अडवायला उभी राहणारी खेळाडूंची भिंत चेंडूपासून 30 फुटांवर. सगळे ‘दहा पावलं’ म्हणतात, पण साधं पाऊल अडीच फुटांचं, म्हणजे भिंत पाच फूट जवळ येते. घरी टेप अंथरून आपलं पाऊल मोजा. बहुतेकांना बारा लागतात.

मधल्या वर्तुळात उभं राहून शिट्टी मारणाऱ्याला धुऱ्यावर बसलेला म्हाताराही सुनावतो, आणि बरोबरच सुनावतो. एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपं पळा, चेंडू तुमच्या आणि लाइनमनच्या मधे ठेवा. थेट मागून फक्त पाठ दिसते. पाय आधी चेंडूला लागला की नडगीला, हे बाजूनेच कळतं.

शिट्टी बिनदाण्याची घ्या. दाणा थुंकीने, धुळीने अडकतो आणि ऐन वेळी नुसती फुंकर निघते. कॅनडाचे बास्केटबॉल रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी याच तापाला कंटाळून अशी शिट्टी बनवून घेतली. जत्रेतल्या शिट्ट्या वाजवणाऱ्या पोरांतही तिचा आवाज वेगळा पडतो.

कार्ड दाखवलं की खेळाडूचा नंबर आणि मिनिट लगेच वहीत. त्याच खेळाडूला दुसरं पिवळं देऊन लाल विसरणं, ही चूक वही नसल्यानेच होते. ही कार्डं इंग्लंडचे रेफरी केन ॲस्टन यांच्या डोक्यातून निघाली आणि 1970 च्या विश्वचषकात आली. भाषा न कळणाऱ्यालाही निर्णय कळावा म्हणून. लाउडस्पीकर चालू असताना गावातही तेच उपयोगी पडतं.

पुढे जायचं असेल तर जिल्हा संघटनेत नाव नोंदवून नियमांची परीक्षा द्या, आणि पाय तयार ठेवा. 75 मीटर 15 सेकंदांत धावणं, मग 25 मीटर चालणं, असं 40 वेळा: फिफाच्या चाचणीचा हा नमुना शाळेच्या मैदानावर दोन दगड ठेवून जमतो. सुरुवात 12 फेऱ्यांनी करा. मे महिन्यात मात्र पहाटे पाचलाच, उन्हं वर यायच्या आत.