आसनाच्या नावातच कृती असते

गावच्या समाजमंदिरात सतरंजीवर योगवर्ग भरतो तेव्हा नाव ऐकताच अंग कुठं न्यायचं हे कळायला हवं. त्यासाठी नावाची फोड करा. अधोमुख म्हणजे तोंड खाली, ऊर्ध्व म्हणजे वर, सुप्त म्हणजे निजून, परिवृत्त म्हणजे पीळ देऊन.

सगळ्यात जास्त घोटाळा पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर लांब करून बसून पुढं झुकायच्या आसनात होतो. पूर्वेकडे तोंड करून बसलं की पाठ पश्चिमेला येते. म्हणून पश्चिम म्हणजे टाचेपासून डोक्यापर्यंतची मागची बाजू. उत्तान म्हणजे ताणलेलं. कपाळ गुडघ्याला टेकवायच्या नादात पाठीची कमान होते आणि सगळा भार कमरेवर येतो. कापूस वेचून कंबर धरली असेल तर बुडाखाली चादरीची घडी घ्या, गुडघे थोडे वाकवा आणि कमरेतून नव्हे, खुब्यातून पुढं झुका. कपाळ वीतभर वर राहिलं तरी आसन बरोबरच आहे.

प्राणायामात पूरक म्हणजे श्वास घेणं, रेचक म्हणजे सोडणं, कुंभक म्हणजे रोखणं. नवख्यांनी ४ अंकांत पूरक, ८ अंकांत रेचक करावा. दम लागला तर ३ आणि ६. कुंभकाची घाई नको, आणि बीपी किंवा हृदयविकार असेल तर तो नकोच. उड्डियान बंध, म्हणजे पोट आत आणि वर ओढून धरणं, पूर्ण रेचकानंतर, रिकाम्या पोटीच. उन्हाळ्यात हे सगळं ऊन तापायच्या आत उरका.