प्रभूच्या येण्याची तयारी : या चुका टाळा

परळच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरते. तीस वर्षं ती मी चालवते आहे. प्रभू येशूच्या पुनरागमनाचा विषय निघाला की लोक एकच विचारतात, 'कधी?' 'तोवर मी कसं राहू?' असं विचारणारं माणूस वर्षाला एखादं भेटतं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून आता राहवत नाही, म्हणून लिहिते आहे.

तारीख काढत बसणं

ही चूक सर्वांत आधी घेते, कारण हिच्यापायी एक घर मोडताना मी जवळून पाहिलं आहे.

१९९९ साली बाहेरगावचा एक उपदेशक आमच्या भागात घरोघरी सभा घेऊ लागला. भिंतीवर मोठा कापडी तक्ता लावायचा. आदामापासून सहा हजार वर्षं, मग विसाव्याचं सातवं सहस्र, आणि त्याचं बोट येऊन थांबायचं ३१ डिसेंबरवर. आमच्या सभेतलं एक कुटुंब त्याच्या नादी लागलं. वडील कारकून, आई घरी शिवणकाम करायची, मुलगी बारावीला. दिवाळीच्या सुमारास मुलीने बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म घरी आणला. वडील म्हणाले, "परीक्षेपर्यंत आपण इथे असणारच नाही, फी कशाला भरायची?" बँकेतली मुदतठेव त्यांनी मोडली आणि पैसे त्या उपदेशकाच्या सेवेला देऊन टाकले. आई रडत माझ्याकडे आली. मी त्यांच्या घरी गेले, बोलले, पण वडिलांनी बायबलमधल्या ओवीवर ओवी काढायला सुरुवात केली आणि मी गप्प बसले. तिथे मी चुकले. मुलीच्या फॉर्मवर सही घेऊनच मी उठायला हवं होतं.

३१ तारखेच्या रात्री त्यांच्या दोन खोल्यांत चौदा माणसं पांढरे कपडे घालून प्रार्थना करत बसली होती. मुंबईत नवं वर्ष लागतं तेव्हा बंदरातली जहाजं आणि रुळांवरच्या लोकल भोंगे वाजवतात. मुलीने मला नंतर सांगितलं, "बाई, भोंगे सुरू झाले तेव्हा बाबा उभे राहिले. त्यांना वाटलं प्रभूच्या येण्याची तुतारी वाजली. भोंगे थांबले तरी कितीतरी वेळ त्यांनी वर केलेले हात खाली घेतले नाहीत."

जानेवारीत मी त्या मुलीला घेऊन तिच्या कॉलेजात गेले. विलंब शुल्काची मुदतही उलटून गेली होती. तिचं वर्ष गेलं. २००१ साली ती परीक्षेला बसली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. वडील मात्र पुन्हा उपासनेला आले नाहीत. त्यांचा विश्वास त्या तारखेला बांधला गेला होता. तारीख टळली तसा तोही सुटला. उपदेशक तक्ता गुंडाळून केव्हाच निघून गेला होता.

हे काही आमच्याच चाळीत घडलं असं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांचा हिशेब मांडला, आणि त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी त्या हंगामाचं पीकही काढलं नाही. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओ उपदेशकाने २१ मे २०११ सांगितलं, तो दिवस गेल्यावर २१ ऑक्टोबर सांगितलं, आणि २०१२ मध्ये आपली चूक जाहीरपणे कबूल केली. मत्तयाच्या शुभवर्तमानात, मत्तय २४:३६ मध्ये, प्रभू स्वतः म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही. पुत्राने जे पित्याच्या हाती सोपवलं, ते पेन्सिल-पट्टी घेऊन काढायला बसणं हा मला प्रभूचा अपमान वाटतो.

आता कोणी तारीख घेऊन आलं की मी त्याला विचारते, "त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तुझं काम काय आहे? ते आज लिहून ठेव." आणि सभेत तक्ता आणू देत नाही. बायबल आणा, वही आणा.

प्रकटीकरणापासून सुरुवात करणं

नव्याने विश्वासात आलेली तरुण मुलं सरळ बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, उघडतात. चार घोडेस्वार, सात शिक्के, सात वाट्या. दोन आठवड्यांत सगळं समजलं पाहिजे अशी घाई असते, आणि ते होत नाही म्हणून मोबाइलवरच्या व्हिडिओंकडे वळतात. तिथे कोणीतरी पंधरा मिनिटांत सगळा उलगडा करून देतो. मला या घाईचा राग येतो, कारण त्यातून डोकं भरतं आणि माणूस आहे तिथेच राहतो.

मी सगळ्यांना आधी बायबलमधली, थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला म्हणजे थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रं देते. दोन्ही मिळून आठ अध्याय. इ.स. ५० च्या सुमारास, नुकत्याच विश्वासात आलेल्या आणि छळ सोसणाऱ्या लोकांना प्रेषित पौलाने ती लिहिली. पहिल्या पत्रातला एकेक अध्याय बघा : पाचही अध्याय संपता संपता प्रभूच्या येण्यापाशी येतात, आणि त्याच्या मागेपुढे आहे ते प्रेम, पवित्रता, दुःखितांचं सांत्वन. ही पत्रं तीनदा वाचून झाली की मग प्रकटीकरणाकडे जाऊ, असं मी सांगते. निम्मी मुलं तिथेच गळतात. राहतात ती टिकतात.

हातातलं काम सोडणं

'प्रभू येणारच आहे, मग कशाला?' हा विचार थेस्सलनीकातही होता. काही जण कामधंदा सोडून बसले होते आणि दुसऱ्यांच्या घरी जेवत होते. पौलाने त्यांना स्पष्ट लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. पंडिता रमाबाईंचं मी मुलांना नेहमी सांगते. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी केडगावला मूळ इब्री आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, ज्या बायकांना जड भाषा कळत नव्हती त्यांच्यासाठी. धन्याची वाट बघणारी दासी अशी शब्द तपासत बसलेली असते.

श्वापदाची खूण शोधत फिरणं

प्रकटीकरणात देवाच्या विरोधात उभं राहणारं एक श्वापद आहे, ते लोकांवर आपली खूण करतं. ती खूण म्हणजे आधी बारकोड होता, मग आधार कार्ड, मग लस. २०२१ मध्ये आमच्या सभेतल्या सत्तरीच्या एक मावशी लस घ्यायला तयार होईनात, कारण भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओत लस हीच श्वापदाची खूण असं सांगितलं होतं. मी बायबल घेऊन त्यांच्या घरी गेले. प्रकटीकरण १३ मध्ये उजव्या हातावरच्या आणि कपाळावरच्या खुणेचं लिहिलं आहे, हे खरं. पण तो सगळा अध्याय श्वापदाला नमन करण्याविषयी आहे. माणूस कोणापुढे गुडघे टेकतो, हा तिथला प्रश्न. शिवाय अध्याय बदलला की लगेच, १४:१ मध्ये, कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभे असलेले एक लाख चव्वेचाळीस हजार दिसतात, आणि त्यांच्या कपाळावर कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं असतं. या कपाळाविषयी मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. मावशींनी ती ओवी दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लसीकरण केंद्रावर गेलो.

बातम्या वाचून धास्तावणं

युद्ध, भूकंप, दुष्काळ यांविषयी बोलताना प्रभूने 'घाबरू नका' असं त्याच दमात सांगितलं आहे, आणि एवढ्यात शेवट नाही हेही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये रुळांवरून चालत आलेली माणसं भिजून बसली होती. एक भाऊ कोपऱ्यात मत्तय २४ मोठ्याने वाचत होते आणि पोरं भेदरून रडत होती. तीन बायका मागे स्टोव्हवर खिचडी करत होत्या. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे, घरच्यांना यथाकाळी खायला देणारा दास धनी येईल तेव्हा धन्य, असं लिहिलं आहे. भाऊंचं वाचन तिथपर्यंत पोचलं नव्हतं. मी त्यांच्या हातात ताटल्या दिल्या.

प्रभू येईल तेव्हा विश्वासणाऱ्यांची मंडळी शेवटच्या मोठ्या संकटाआधी स्वर्गात उचलली जाणार की संकटानंतर, यावर भांडून दोन सभा फुटलेल्या मी पाहिल्या आहेत. 'जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो येणार आहे' हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही विश्वासांगिकारात, म्हणजे उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत, म्हणतात. तेवढ्यावर एकत्र उभे राहा.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार नाताळाच्या खरेदीत आणि करंज्यांत घालवू नका. त्यांतला पहिला रविवार त्याच्या पुन्हा येण्याचाच असतो.

प्रभूच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतो ते प्रभुभोजन चुकवू नका. 'तो येईपर्यंत' हे शब्द त्यातच आहेत.

उसन्या तेलावर भरवसा

दहा कुमारींची गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ असते : दहा मुली दिवे घेऊन वराची वाट बघतात, पाच शहाण्या जास्तीचं तेल घेतात, पाच मूर्ख घेत नाहीत आणि ऐनवेळी दुसरीकडे मागतात. तरी मत्तय २५ ची पाचवी ओवी वाचायची राहते. वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्या झोपी गेल्या. शहाण्यासुद्धा. म्हणजे 'जागे राहा'चा अर्थ रात्र रात्र डोळे ताणून बसणं असा घेऊ नका. आपल्याकडे वर वेशीपाशी आला की सामोरं जाऊन सीमांतपूजन करतात, तसं या मुलींचं काम होतं. 'सामोरं जाणं' यासाठी सहाव्या ओवीत जो ग्रीक शब्द आहे, तोच पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ४:१७ मध्ये प्रभूला सामोरं जाण्यासाठी वापरला. वर कधी येईल हे दहांपैकी एकीलाही माहीत नव्हतं. पाचजणींनी उशीर होईल असं धरून तेल घेतलं होतं, एवढाच फरक.

हे तेल एका रात्रीत मिळत नाही. तीन दिवसांचं शिबिर, एकदम सात दिवसांचा उपास, ३१ डिसेंबरच्या रात्री ढसाढसा रडणं, यांनी मन हलतं हे मी मानते. मीही रडले आहे. पण फेब्रुवारीत त्यातलं काय उरलं ते बघा. आमच्याकडे पहाटे साडेचारला पाणी येतं, तासभर. ड्रम भरेस्तोवर मी एक स्तोत्र वाचते आणि चाळीतल्या एका घरासाठी प्रार्थना करते. रोज एकच घर. ज्यांना आठवड्याचं एकदम रविवारी भरून ठेवायचं असतं, त्यांना मी सांगते की पाणी रोज येतं, रोजच भरा.

अबोला धरून 'ये, प्रभू येशू' म्हणणं

सुरुवातीच्या मंडळीत 'मारानाथा' म्हणत. अरामी शब्द आहे : आमच्या प्रभू, ये. मी तो नऊ वर्षं म्हटला, आणि त्या नऊ वर्षांत माझ्या थोरल्या जावेशी एक शब्द बोलले नाही. सासूबाई गेल्यावर खोलीच्या वाटणीवरून आमचं बिनसलं. एकच गॅलरी, लागून दारं. ताई समोरून आल्या की मी आत वळायचे. दोघीही महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन घ्यायचो, वेगवेगळ्या बाकांवर बसून.

२०११ च्या आगमनकाळात मी मुलांना मत्तय शिकवत होते. पाचव्या अध्यायात, वेदीपाशी आणलेलं अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असं आलं. एका लहान मुलीने विचारलं, "बाई, आणि तेवढ्यात येशू आला तर?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ताईंच्या दाराशी गेले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाणी आलंय. आधी ते भरून घे, मग ये. चहा टाकते."

तेव्हापासून याबाबतीत मी कोणाचं काही ऐकून घेत नाही. मधल्या माणसाकरवी निरोप पाठवू नका, फोनवर मेसेज लिहू नका, समोरच्याने आधी यावं म्हणून थांबू नका. स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जा. चूक कोणाची होती हा हिशेब दारात काढू नका. आम्ही तो नंतरही काढला नाही. वाटणीचा कागद तसाच पेटीत राहिला.

आपल्याकडे वेळ आहे असं प्रत्येकाला वाटतं. प्रभू येण्याआधी मरण येऊ शकतं, हे तारखा मांडणाऱ्यांच्या कोणत्याही तक्त्यावर मी लिहिलेलं पाहिलं नाही. ताई २०१८ च्या पावसाळ्यात गेल्या. शेवटचे पाच दिवस मी त्यांच्या उशाशी होते. त्यांनी मागितलं म्हणून थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, तेराव्या ओवीपासून, रोज वाचायचे. सोळाव्या ओवीत, ख्रिस्तामध्ये जे मेले आहेत ते आधी उठतील, इथे आलं की त्या माझा हात दाबायच्या आणि म्हणायच्या, "म्हणजे मी तुझ्याआधी."