जांभळाचे कपकेक हिरवे का झाले? घरच्या बेकिंगमधल्या या चुका टाळा

आंबे सुरू झाले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. मधोमध खड्डा पडलेले, तळाशी शिऱ्यासारखा ओला थर बसलेले पिवळेजर्द कपकेक. खाली प्रश्न ठरलेला: "सगळं रेसिपीप्रमाणे केलं, आमरस तेवढा घातला. काय चुकलं?"

आमरस घातला, हेच चुकलं. म्हणजे घालायला हरकत नव्हती, पण त्याच्यासाठी आधी जागा करायला हवी होती. गुलकंद, श्रीखंड, जांभूळ, मसाला चहा, पुरण, यातलं काहीही कपकेकमध्ये जाऊ शकतं, आणि या छंदाची खरी मजाही तीच आहे. पण यातली एकही गोष्ट नुसती चव घेऊन येत नाही. कुणी पाणी आणतं, कुणी साखर, कुणी आंबटपणा, कुणी तूप. मूळ रेसिपीतला हिशेब त्याने बिघडतो आणि दोष मात्र ओव्हनला जातो.

म्हणून माझा पहिला आग्रह: आधी साधा व्हॅनिला कपकेक नीट जमू द्या. माझी रोजची बिनअंड्याची रेसिपी अशी. दीड कप मैदा, एक कप साखर, एक कप ताजं दही, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खायचा सोडा आणि थोडा व्हॅनिला. १८० अंशांवर १८ ते २२ मिनिटं, साधारण बारा कपकेक. कंटाळवाणी वाटते ना? सगळ्यांनाच वाटते. पहिल्याच दिवशी पुरणपोळी कपकेक करायचे असतात आणि वर त्यांची रीलही टाकायची असते. साध्या कपकेकचा पोत हाताला आणि जिभेला माहीत नसेल, तर फसलेल्या कपकेकमध्ये नेमकं काय फसलंय हे कळणार कसं?

आता तो आमरस. हापूसच्या रसात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. एक कप रस म्हणजे जवळजवळ पाऊण कप पाणी तुम्ही मिश्रणात ओतलंत. वरचा भाग ओव्हनच्या आचेने फुगतो, आत पाणी अडकतं, बाहेर काढल्यावर कपकेक बसतो. त्यावर लोकांचा उपाय काय? वरून आणखी मैदा! मग होतो गच्च गोळा, आणि आंब्याची चवही मैद्यात हरवते. मी रस जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवते, पूर्ण गार करते आणि वरच्या रेसिपीतलं अर्धा कप दही काढून त्या जागी अर्धा कप आटवलेला रस घालते. साखर पाव कपाने कमी, आणि दही निम्मं झालं म्हणून सोडाही निम्मा. डबाबंद पल्प असेल तर लेबल वाचा. बऱ्याच पल्पमध्ये आधीच साखर असते, तेव्हा आणखी थोडी कमी करा. आटवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. "नाही आटवला तर चालेल का?" असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

सीताफळ मात्र आटवायच्या भानगडीत पडू नका. बासुंदीतही आपण ते गॅस बंद केल्यावर, गार झाल्यावरच घालतो. कपकेकमध्येही ते वरच्या क्रीममध्ये किंवा मधल्या सारणात घाला, ओव्हनमध्ये नको.

हिरव्या कपकेकची गोष्ट

माझ्या मावसबहिणीची सून कामाला वाघ आहे, पण धीर तिच्या गावीही नाही. एका जूनमध्ये तिच्याकडे भिशी होती आणि कुणीतरी बदलापूरची टपोरी जांभळं आणून दिली होती. तिने जांभूळ कपकेक करायचे ठरवले. रेसिपी माझीच. पण जांभळं तुरट-आंबट, त्यात आणखी दही कशाला, म्हणून दह्याऐवजी दूध घेतलं. दूध घेतलं तर फुगतील की नाही अशी शंका आली, म्हणून सोडा अर्ध्याचा एक टीस्पून केला. कच्चं मिश्रण जांभळट, सुंदर दिसत होतं म्हणे. तासाभराने मला फोन. "मावशी, कपकेकला तासाभरात बुरशी येते का हो?"

फोटो पाहिला तर आतून शेवाळी हिरवे, मधेमधे राखाडी ठिपके. मी म्हटलं, "अगं, बुरशी नाही ती, सोडा आहे." तोवर पाहुण्या दारात आल्या होत्या. तिने ते कपकेक पिस्ता फ्लेवर म्हणून वाढले. पिस्ता साबणासारखा का लागतोय, असं एका काकूंनी विचारलंच.

घडलं ते असं. जांभळाचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. आंबट मिश्रणात तो लालसर राहतो, आंबटपणा नाहीसा झाला की जांभळा-निळा होतो आणि सोडा वरचढ झाला की निळसर-हिरवा. दही काढलं तेव्हाच सोड्याला मारणारा आंबटपणा गेला, वर सोडा दुप्पट झाला. चार जांभळांचा आंबटपणा त्याला पुरणार कुठून? उरलेल्या सोड्याने रंगही खाल्ला आणि चवही. एक कप दह्याला अर्धा टीस्पून सोडा पुरतो. दही कमी केलं तर सोडाही त्याच मापात कमी. दही पूर्ण काढलंत तर सोडाही काढा आणि दीड कप मैद्याला दोन टीस्पूनपर्यंत बेकिंग पावडर वापरा, वर लिंबाचे थोडे थेंब पिळा. "जास्त सोडा म्हणजे जास्त हलका कपकेक" ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. जास्त सोड्याने कपकेक भराभर फुगतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो.

मी स्वतः जांभूळ मिश्रणात घालतच नाही. गर साखरेबरोबर शिजवून घट्ट करते, कपकेक गार झाल्यावर मधून थोडा कोरून त्यात भरते आणि चमचाभर क्रीममध्ये मिसळते. असा सुरेख फिका जांभळा रंग कुठल्याही बाटलीतल्या रंगाने येत नाही.

हळदीचंही असंच. आंबा कपकेक पिवळा दिसावा म्हणून चिमूटभर हळद घालतात आणि सोडा जास्त झाला की त्यात विटकरी ठिपके उमटतात. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. सोडाही चुन्यासारखा अल्कधर्मीच. रंग हवा तर केशर घ्या.

बाकीच्या चुका, भराभर

वाटी, चहाचा कप, हाताला लागेल ते भांडं मापाला घेणं. बेकिंगचा कप २४० मिलीचा. तोही दाबून भरला तर मैदा १५० ग्रॅमच्या वर जातो, हलक्या हाताने भरला तर १२०-१२५ ग्रॅम. दीड कपाला हा फरक केवढा होतो बघा. डिजिटल वजनकाटा घ्या. पायपिंगच्या चोवीस नोझलचा सेट घेण्याआधी घ्या.

मैदा घातल्यावर इलेक्ट्रिक बीटर फिरवणं. चपातीची कणीक मळतो ते ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, तयार व्हावं म्हणून, इथे तेच नको असतं. कपकेक कापल्यावर आत उभी भोकं दिसली तर जास्त घोटलंय असं समजा. मैद्याचे कोरडे पट्टे दिसेनासे झाले की हात थांबवा, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालेल.

सोड्याऐवजी इनो. इनो ओलं झालं की लगेच फसफसतं आणि संपतं. ढोकळ्याला ठीक, कारण तिथे पाणी उकळत असतं आणि आपण घाईत असतो. कपकेक बारा कपांत भरेपर्यंत निम्मा जोर निघून गेलेला असतो.

पावसाळ्यात उघडी राहिलेली बेकिंग पावडर. चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा, सणसणीत फसफसली नाही तर फेकून द्या. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसात घ्या.

ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको नव्हे. त्यात बरीचशी साखरच असते.

ताजा अननस क्रीममध्ये घालणं. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, क्रीम कडवट होतं आणि पातळही. अननस आधी साखरेत शिजवून घ्या, नाहीतर डब्यातला वापरा.

गुलकंद घालून वर रोझ इसेन्सही ओतणं. मग कपकेक खातोय की अत्तर, हेच कळत नाही. गुलकंद घातला की साखर कमी करा आणि इसेन्सला हात लावू नका.

कागदी कप नुसतेच ताटात मांडणं. मिश्रणाच्या वजनाने ते पसरतात आणि कपकेकऐवजी बशा तयार होतात. मफिन ट्रे नसेल तर छोट्या स्टीलच्या वाट्यांत कागद बसवा. दोन तृतीयांशच भरा. ग्रँट रोडच्या मेरवानसारख्या इराण्यांकडचा मावा केक आठवा. कागदातला तो केक आपण कपकेक हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून खातोय, त्यावर क्रीमचा डोंगर नसतो आणि कुणाची तक्रारही नसते.

मसाला चहा कपकेक

हा सध्याचा लाडका प्रकार, आणि यात दोन टोकं दिसतात. काहीजण नेहमीसारखा चहा करून घालतात, चव शून्य. काहीजण चहाची पूड तशीच मिश्रणात टाकतात, मग दाताखाली कचकच आणि घशात कडवटपणा. मी दह्याच्या जागी घ्यायचं दूध गरम करून त्यात दोन मोठे चमचे चहा, आलं, वेलदोडा आणि दोन मिरे घालते, झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू देते आणि गाळते. उकळत ठेवत नाही, उकळला की तुरटपणा उतरतो. गाळल्यावर दूध कमी भरतं, कारण चहा बरंच पिऊन बसलेला असतो. माप पुन्हा भरून घ्या, ही पायरी सगळे विसरतात. या कपकेकमध्ये दही नसतं, म्हणून सोडाही नाही. एवढं वाचूनही कुणीतरी सोडा घालणारच.

ओव्हन आणि उन्हाळा

ओटीजीचा काटा १८० वर नेला म्हणजे आत १८० झाले असं नाही. छोट्या ओटीजीत तर वरचा रॉड कपकेकच्या डोक्यावरच असतो, त्यामुळे वरून फुटलेले आणि आतून कच्चे असे कपकेक निघतात. साधा ओव्हन थर्मामीटर आत टांगा आणि काट्याचा स्वभाव ओळखून घ्या. प्रीहीट कमीत कमी १०-१५ मिनिटं. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनचं बटण दाबलंय ना, हे पाहा. हसू नका, नुसत्या मायक्रोवेव्हवर वीस मिनिटं ठेवलेले कपकेक मी पाहिलेत, दगड परवडले. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. काच आणि आतला दिवा त्याचसाठी असतात.

बटरक्रीम एप्रिल-मेमध्ये करू नका. रेसिपीतलं "रूम टेम्परेचर" नागपूरच्या किंवा सोलापूरच्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराचं नव्हे, २० अंशांच्या आसपासचं. पस्तीस अंशांत लोणी वितळणारच. त्या दिवसांत मी डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग असं गनाश करते, तेवढं तग धरतं. त्यासाठी टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम उत्तम. मात्र तेच क्रीम फेटून त्याची शिखरं उभी करायला जाल तर हात दुखतील, क्रीम उभं राहणार नाही. फेटायला ३० टक्क्यांच्या वर फॅट लागतं. आणि कपकेक पूर्ण गार झाल्याशिवाय वर काहीही लावू नका. बोटाला कोमट लागला, तरी थांबा. विरंगुळा म्हणून करताय ना हे सगळं, मग घाई कसली?

नवीन फ्लेवर करताना मी माप चौथाई करते, तीनच कपकेक, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलते. काय बदललं ते वहीत लिहिते. आमरसही नवा, साखरेऐवजी गूळही नवा आणि मैद्याऐवजी कणीकही नवी, असं एकदम केलंत तर फसल्यावर कुणाला धरणार? साखरेऐवजी एकदम गूळ आणि गरम दूध, हे तर विशेष टाळा. दूध फाटतं.

शेवटचं, पुणेकरांसाठी. गुरुवारी बेकिंग ठरवण्याआधी दुरुस्तीसाठी लाइट जाणार आहे का, ते पाहून घ्या. कपकेक आत असताना गेलीच, तर दार उघडू नका. पंधरा मिनिटं होऊन गेली असतील तर आतल्या उष्णतेवर ते बहुतेक पूर्ण होतात, पाच-दहा मिनिटं तसेच राहू द्या आणि मग टूथपिक घालून पाहा. सुरुवातीच्या पाच मिनिटांत गेली असेल तर ते फुगायचे नाहीत. लाइट आल्यावर पुरते भाजून घ्या, गार झाल्यावर कुस्करा आणि गार कस्टर्डमध्ये थर लावून फ्रीजमध्ये ठेवा.